फर्निचरवर डिझायनरचं नाव: वाद होण्याआधी आणि झाल्यावर

लेबल छापण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर वर्ग 20 मध्ये, म्हणजे फर्निचरच्या वर्गात, ते नाव शोधा. शोरूमही असेल तर वर्ग 35, म्हणजे विक्रीसेवेचा वर्गही बघा. नुसतं स्पेलिंग पाहून भागत नाही, उच्चारावरूनही शोधा. ‘अमक्याच्या स्टाइलची खुर्ची’ लिहिलं की सुटलो, हा समज महागात पडतो.

नाव एखाद्या हयात किंवा गेल्या 20 वर्षांत वारलेल्या व्यक्तीशी खोटं नातं सुचवत असेल, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 14 खाली रजिस्ट्रार त्या व्यक्तीची किंवा वारसांची लेखी संमती मागू शकतो.

खरी भांडणं भागीदारी तुटल्यावर होतात. डिझायनर बाहेर पडतो, नाव मात्र फर्मच्या नावे नोंदलेलं असतं. स्वतःच्या नावाच्या प्रामाणिक वापराला त्याच कायद्याच्या कलम 35 चा आधार आहे, पण तेवढ्यावर नवा ब्रँड उभारू नका. नाव कोणाचं, उरलेला माल किती दिवसांत विकायचा, हे करारातच लिहा.

तुमच्या नावाच्या नोंदणीसाठी दुसऱ्याने अर्ज केलाय? रजिस्ट्रीच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये तो छापल्यापासून 4 महिन्यांत टीएम-ओ फॉर्मवर हरकत घ्या. तुमच्या अर्जावर हरकत आली, तर नोटीस मिळाल्यापासून 2 महिन्यांत उत्तर द्या, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. पुरावा म्हणून तारखेची बिलं, जुने कॅटलॉग आणि सीटखालच्या पट्टीवर डागलेल्या शिक्क्याचे फोटो जपून ठेवा.