माल तयार, पाऊच कुठाय?
मसाले किंवा उटणं बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा दिवाळीचा माल बहुतेकदा अडतो तो छापील पाऊचपाशी. दळण-मिश्रण पटकन उरकतं. ग्रॅव्ह्युअर छपाईत (कोरलेल्या सिलिंडरने पाऊचच्या फिल्मच्या रोलवर होणारी छपाई) मात्र प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, मग लॅमिनेशन म्हणजे फिल्मचे थर एकमेकांना चिकटवणं, त्याचं क्युरिंग म्हणजे तो गोंद पक्का होऊ देणं, शेवटी कटिंग; वेळ जातो तो यातच. म्हणून सगळ्या प्रकारांसाठी एकच कॉमन पाऊच आधीच छापून ठेवा. प्रकाराचं नाव आणि घटक लेबलवर घ्या. एमआरपी, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख सिलिंडरवर अजिबात कोरू नका. तेवढी जागा कोरी सोडून भरताना इंकजेटने मारा, म्हणजे भाव बदलला तरी जुने रोल भंगारात जात नाहीत. आणि हो, छापखान्यामागे ‘अर्जंट, अर्जंट’ लावण्याआधी बघा, आर्टवर्कचं प्रूफ मंजुरीसाठी तुमच्याच व्हॉट्सॲपवर पडून आहे का!