जपानच्या नकाशावर बारा शेंगदाणे

जपानला जायचं ठरलं की पहिल्या आठवड्यातच यादी फुगते. टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका, हिरोशिमा ही तर आलीच. मग शेजारच्या काकू होक्काइदोच्या लव्हेंडरचे फोटो पाठवतात आणि ऑफिसातलं कोणीतरी म्हणतं, ओकिनावा नाही केलं तर काय केलं! मागच्या खेपेला आम्ही दहा रात्रींत सहा गावं केली. परत आल्यावर आईला विचारलं, काय आवडलं सगळ्यात जास्त? ती म्हणाली, "स्टेशनं स्वच्छ होती हो." यंदा पुन्हा जायचंय, म्हणून तयारी उलटीकडून सुरू केली आहे. कुठे जायचं नाही, ते आधी.

त्यासाठी पहिलं सामान म्हणजे छापलेला मोठा नकाशा. फोनवर कळत नाही. क्षेत्रफळ बघाल तर जपान ३.७८ लाख चौरस किलोमीटर आणि आपला महाराष्ट्र ३.०८ लाख, म्हणजे वाटतं तेवढा फरक नाही. पण जपान काकडीसारखा लांबच लांब. फेब्रुवारीत उत्तरेला होक्काइदोतल्या साप्पोरोला बर्फाचे पुतळे उभे असतात, तेव्हा पार दक्षिणेला ओकिनावात चेरी फुलून जातही आलेली असते. नकाशावर आठ प्रदेश पेनाने वेगळे करा: होक्काइदो, तोहोकू, कान्तो, चुबू, कान्साई, चुगोकू, शिकोकू आणि क्यूशू (ओकिनावा त्यातच धरतात). आता जितक्या रात्री, तितके शेंगदाणे मोजून घ्या. आमचे बारा. जिथे राहणार तिथे दाणे ठेवायचे. नियम एकच, मुक्काम बदलला की अर्धा दाणा खाऊन टाकायचा. कारण हॉटेल सकाळी दहा-अकराला खोली सोडायला लावतं आणि पुढचं तीनच्या आधी खोली देत नाही. मधला दिवस बॅगा ओढण्यात जातो. मागच्या सहलीचे दाणे असे मांडून बघितले, तर अडीच दाणे नुसते खाण्यात गेले होते. बाबा म्हणाले, चला, कुणाचं तरी पोट भरलं.

दाणे ठेवण्याआधी कॅलेंडर काढा, कारण प्रदेश खरं तर तेच ठरवतं. आपण मराठी माणसं जाणार मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. मेमध्ये जाणार असाल तर २९ एप्रिल ते ५ मे हा आठवडा टाळा. लागोपाठच्या सुट्ट्यांमुळे अख्खा जपान तेव्हा घराबाहेर असतो आणि गाड्या, हॉटेलं खचाखच भरतात. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या, आशेवर असाल तर टोकियो-क्योटोत ती मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीलाच होऊन गेलेली असते. फुलं एप्रिलअखेरीला तोहोकूत हिरोसाकीपर्यंत आणि मग होक्काइदोपर्यंत सरकतात. म्हणून मेवाल्यांनी उत्तरेकडे बघावं, किंवा चुबूतल्या तातेयामाकडे. तिथला डोंगरातला रस्ता एप्रिलच्या मध्यावर उघडतो आणि बस बर्फाच्या उंच भिंतींमधून जाते. जूनमध्ये पावसाळा, होक्काइदो तेवढा त्यातून सुटतो. जुलै-ऑगस्टबद्दल इतकंच, तिथला दमटपणा मुंबईकरालाही घाम फोडतो.

दिवाळीवाल्यांची गंमत वेगळी आहे. सगळ्यांना क्योटोतली लाल पानं हवी असतात, पण ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंगतात. दिवाळी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, तर क्योटो अजून हिरवंच. तेव्हा निक्कोला जा, टोकियोहून दोनेक तासांवर. जितकं उंच, जितकं उत्तरेला, तितकी पानं लवकर लाल होतात, हा हिशेब लक्षात ठेवला की निम्मं काम झालं.

मग बरोबर कोण येणार ते बघा. आमच्याकडे आईचे गुडघे आणि मावशीचं जेवण. गुडघ्यांसाठी बॅगांचा बंदोबस्त आधी करा. टोकियोहून क्योटो-हिरोशिमाकडे जाणाऱ्या शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठी बॅग असेल तर तिच्या जागेसह सीट आधी राखून ठेवावी लागते. त्यापेक्षा ताकुहाइबिन ही कुरियरसेवा सोपी. हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. मधली रात्र पाठीवरच्या पिशवीत भागवायची.

जेवणाचं मात्र नीट ऐका. मावशी शाकाहारी, त्यात चातुर्मासात कांदा-लसूण नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पातळ सार, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, सोबा नूडल्स बुडवायचं पाणी, साधी दिसणारी शिजवलेली भाजी, सगळ्यात ते असतं. "मांस नाही" एवढं सांगून भागत नाही, मासे आणि दाशीही नको असं जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा. टोकियोत निशी-कासाईला भारतीय वस्ती आहे, किराणाही मिळतो. पण मावशीसाठी सगळ्यात निर्धास्त जागा निघाली कोयासान. कान्साईत, वाकायामाच्या डोंगरात, सुमारे ८०० मीटरवर. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने वसवलेलं. तिथल्या मठांत राहता येतं आणि जेवायला शोजिन र्योरी मिळतं, त्यात मासे-मांस नाही, कांदा-लसूणही नाही! ओकुनोइनच्या जुन्या स्मशानात दगडांवर संस्कृतची सिद्धम् अक्षरं कोरलेली आहेत. शिवाय कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं अनावरण केलं. आणि उंचीमुळे पानं क्योटोच्या आधी लाल! एक दाणा तिथे मावशीनेच ठेवला, आता तो कोणी हलवायचा नाही.

दुसरा हट्ट बाबांचा, ओकायामा. रोज सकाळी ते सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात चालायला जातात. ते ज्या बागेच्या धर्तीवर केलंय, ती कोराकुएन ओकायामात आहे, १७०० साली पूर्ण झालेली. मूळ बघायचंच, म्हणाले. मला वाटलं वाकडी वाट होईल, पण शिन-ओसाकाहून शिनकानसेनने पाऊण तास. तिथून हिरोशिमाही साधारण तेवढंच, आणि सेतोचा मोठा पूल ओलांडून शिकोकूतलं ताकामात्सु तासाभरावर. एका जागी बॅगा ठेवून दोन प्रदेश बघता येतात.

गाडीच्या पासचा हिशेब दाणे ठेवून झाल्यावरच करा. देशभरच्या रेल्वेचा जेआर पास डोळे मिटून घ्यायचे दिवस गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-हिरोशिमाचं एका बाजूचं तिकीट सुमारे १९ हजार येन, म्हणजे जाऊन-येऊनही पास वसूल होत नाही. एकाच प्रदेशात फिरणार असाल तर तिथले छोटे पास बघा. विमानही टोकियोला उतरणारं आणि ओसाकाहून निघणारं शोधा, परतीचा एक दिवस वाचतो.

हे सगळं व्हिसाचा अर्ज भरण्याआधी उरका, कारण त्यासोबत कोणत्या तारखेला कुठे राहणार याचा दिवसवार तक्ता द्यावा लागतो. आमचा असा झालाय: टोकियो चार (त्यात एक दिवस निक्को), क्योटो चार, ओकायामा दोन, कोयासान एक, शेवटचा ओसाका. चार वेळा मुक्काम बदलणार, म्हणजे दोनच दाणे खायचे. होक्काइदो, तोहोकू, चुबू, क्यूशू कोरे राहिले. काल रात्री आई हळूच एक दाणा साप्पोरोवर ठेवून झोपायला गेली होती. सकाळी बघितला तर मुंग्यांनी नेलेला.