जुन्या दुनळीत रिकामं काडतूस अडकायचं: माझा अनुभव

खानापूरकडे आमचं भातशेत जंगलाला लागून. पीक राखण्यासाठीच्या परवान्यावर आजोबांची जुनी इंग्लिश १२ बोअर दुनळी माझ्या नावावर आली. बार काढला की खांद्याला जबर धक्का बसायचा, रिकामं काडतूस नळीतच घट्ट बसायचं आणि त्याचं तोंड पार विस्कटलेलं असायचं.

नळी घासली, तेल दिलं, काडतुसांचं दुकान बदललं. दोन हंगाम जीव मेटाकुटीला आला.

शेवटी बेळगावात परवानाधारक कारागिराकडे नेली. त्यांनी आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग नळ्या सोडवून उलट्या धरल्या. बुडाच्या सपाट भागावर काजळी पुसल्यावर ठसा दिसला: २½. म्हणजे काडतुसाचं घर, नळीत काडतूस बसायची जागा, अडीच इंची. माझी काडतुसं ७० मिमीची, म्हणजे पावणेतीन इंची!

मग ती आत जायची कशी? खोक्यावरची लांबी ही बार झाल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची असते. दुमडलेलं काडतूस सहज बसतं. उडताना मात्र तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो.

त्यांनी घर मापाने मोजलं, नळ्यांना खड्डे किंवा फुगवटा नाही ना ते पाहिलं, नळ्या धूरविरहित दारूच्या दाबासाठी तपासलेल्या असल्याचा ठसा आहे ना तेही पाहिलं. त्यानंतरच ६५ मिमीची, हलक्या भाराची काडतुसं घेतली. आता रिकामं काडतूस बोटाने निघतं.