असिंक्रोनस पब्लिशर कन्फर्म: या चुका टाळा

रॅबिटएमक्यूत (मेसेज क्यूमार्फत पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मेसेज पाठवायला 'बेसिकपब्लिश' कॉल केला की तो लगेच परत येतो. त्याचा अर्थ एवढाच, की बाइट्स सॉकेटकडे निघाले. ब्रोकरने, म्हणजे रॅबिटएमक्यूच्या सर्व्हरने, मेसेज ताब्यात घेतला का, हे पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरकडून पाठवणाऱ्याला मिळणारं उत्तर) आल्यावरच कळतं. तोपर्यंत मेसेजची जबाबदारी पाठवणाऱ्याचीच असते. खालची उदाहरणं जावा क्लायंटची आहेत, पण ब्रोकर सगळ्या भाषांशी असाच वागतो.

मल्टिपलकडे दुर्लक्ष

ही चूक सगळीकडे दिसते आणि सापडते मात्र फार उशिरा. चॅनल (कनेक्शनमधली मेसेज पाठवायची वाट) कन्फर्म मोडमध्ये टाकला की त्यावरून जाणाऱ्या मेसेजना १ पासून क्रमांक मिळत जातात. ब्रोकर ॲकसोबत (मेसेज घेतल्याची पोच) हा क्रमांक पाठवतो आणि मल्टिपल नावाचा फ्लॅगही पाठवतो. तो ट्रू असेल तर त्या क्रमांकापर्यंतच्या सगळ्यांचा हिशेब एकाच ॲकमध्ये मिटला.

समजा १ ते १० मेसेज पाठवले आणि ॲक तीनच आले: ३ (मल्टिपल ट्रू), ४ (फॉल्स) आणि १० (ट्रू). म्हणजे दहाच्या दहा मेसेज ब्रोकरने घेतले. कन्फर्म न आलेल्या मेसेजची नोंद पाठवणारा क्रमांकानुसार एका मॅपमध्ये ठेवतो. पण ॲक आल्यावर चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये नुसतं 'रिमूव्ह' लिहिलं असेल तर मॅपमधून ३, ४ आणि १० एवढेच निघतात, बाकीचे सात तसेच राहतात. डेव्हलपरच्या मशीनवर हे दिसत नाही. तिथे एक मेसेज पाठवायचा, ॲक बघायचा, मग दुसरा पाठवायचा अशी चाचणी होते आणि प्रत्येक ॲक सुटा येतो. लोड वाढला की ब्रोकर ॲक एकत्र पाठवू लागतो, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो. मॅप फुगतो, हीप (प्रोग्रामची मेमरी) भरत जाते. त्यात कोणी '३० सेकंदांत कन्फर्म नाही आला तर पुन्हा पाठवा' असा टायमर लावला असेल तर आधीच पोचलेले मेसेज परत जातात, त्यांचेही ॲक एकत्र येतात, तेही मॅपमध्ये अडकतात आणि पुन्हा पाठवले जातात. क्यूत डुप्लिकेटचा ढीग लागतो. मग हीप वाढवली जाते, टायमर ३० चा ६० केला जातो, ब्रोकरला दोष दिला जातो. मूळ चूक असते कॉलबॅकच्या त्या एका ओळीत.

उपाय सोपा आहे. नोंदी 'कॉन्करंटस्किपलिस्टमॅप'मध्ये ठेवा आणि मल्टिपल ट्रू आला की 'हेडमॅप' घेऊन 'क्लिअर' करा. 'हेडमॅप'ला दुसरं आर्ग्युमेंट ट्रू द्यायला विसरू नका, नाहीतर आलेला क्रमांक स्वतःच मागे राहतो. नॅकलाही (मेसेज न घेतल्याचा निरोप) मल्टिपल असतो, तिथेही हेच करा.

आधी पाठवून मग नोंद

क्रम ठरलेला आहे: पुढचा क्रमांक विचारा, मॅपमध्ये नोंदवा, मग पब्लिश करा. उलटं केलं तर नोंद होण्याआधीच ॲक येऊन जाऊ शकतो, आणि मग ती नोंद काढायला कोणीच येत नाही. दोन थ्रेड एकच चॅनल वापरत असतील तर दोघांना एकच क्रमांक मिळू शकतो. प्रत्येक पब्लिशर थ्रेडला स्वतःचा चॅनल द्या.

'ॲक आला, म्हणजे क्यूत पोचला'

नाही. एक्स्चेंज (मेसेज क्यूकडे वळवणारा भाग) आहे, पण राउटिंग कीशी (मेसेजवरच्या पत्त्याशी) जुळणारं एकही बाइंडिंग (एक्स्चेंज आणि क्यूमधला जोड) नाही, अशा वेळी ब्रोकर मेसेज टाकून देतो आणि तरीही ॲक पाठवतो. राउटिंग कीमध्ये एक टिंब चुकलं तरी सगळे कन्फर्म हिरवे दिसतात आणि क्यू रिकामी राहते. पब्लिश करताना मँडेटरी (कोणत्याच क्यूत न गेलेला मेसेज परत मागणारा फ्लॅग) ट्रू ठेवा आणि परत आलेला मेसेज पकडणारा रिटर्न लिसनर लावा. असा मेसेज आधी रिटर्न म्हणून परत येतो, त्यानंतर त्याचा ॲक येतो. रिटर्नमध्ये कन्फर्मचा क्रमांक नसतो, म्हणून मेसेज-आयडी आधीच घालून ठेवा. रिटर्न आला की त्या आयडीवर खूण करा आणि मागून ॲक आला तरी तो मेसेज यशस्वी धरू नका. मँडेटरी न लावता कन्फर्म वापरणं म्हणजे अर्धंच काम करणं.

एक्स्चेंजच नसेल तर प्रकार वेगळा: ब्रोकर ४०४ देऊन चॅनल बंद करतो आणि त्यावरचे सगळे अनिर्णित मेसेज तसेच लटकतात.

कॉलबॅकमधूनच पुन्हा पाठवणं

नॅक आला की तिथल्या तिथे 'बेसिकपब्लिश' लिहिण्याचा मोह नवशिक्यांना हमखास होतो. कॉलबॅक आयओ थ्रेडवर (नेटवर्क हाताळणाऱ्या थ्रेडवर) चालतो, तिथून चॅनलवर काम करायचं नाही. मेसेज 'कॉन्करंटलिंक्डक्यू'मध्ये टाका, पब्लिशर थ्रेड तिथून उचलून पाठवेल. डेटाबेसमध्ये लिहिणंसुद्धा कॉलबॅकमध्ये नको.

मर्यादा न ठेवणं

ब्रोकरचा मेमरी किंवा डिस्क अलार्म लागला की तो पब्लिशरचं कनेक्शन अडवतो. कन्फर्म थांबतात. वरून मेसेज येतच राहिले तर तुमचीच मेमरी संपते. अनिर्णित मेसेजवर सेमाफोर (ठरावीक संख्येनेच परमिट देणारा अडसर) लावा आणि ५०० पासून सुरुवात करा. कन्फर्म यायला १०० मिलिसेकंद लागत असतील तर ५०० च्या मर्यादेत सेकंदाला ५,००० मेसेज जातात. तेवढे पुरत नसतील तरच मर्यादा वाढवा. मल्टिपल ॲकवर मॅपमधून जितक्या नोंदी काढल्या तितकीच परमिट सोडा. दर ॲकला एकच सोडत गेलात तर पब्लिशर काही वेळाने गपचूप थांबतो. आणि कनेक्शन अडवल्याचं कळवणारा ब्लॉक्ड लिसनर लावाच, म्हणजे कन्फर्म का अडले ते लॉगमध्ये दिसेल.

कनेक्शन तुटल्यावर

नव्या चॅनलवर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात, त्यामुळे जुना मॅप तसाच वापरला तर नवे ॲक जुन्या नोंदी खोडतात. चॅनलबरोबर मॅपही नवा करा आणि जुन्यातले मेसेज त्याच मेसेज-आयडीने पुन्हा पाठवा. त्यातले काही आधी पोचलेले असू शकतात, म्हणून कन्झ्युमरला (मेसेज वाचणाऱ्या प्रोग्रामला) आयडी बघून डुप्लिकेट ओळखता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर टायमरने पुन्हा पाठवायच्या भानगडीत पडू नका.

थोडक्यात आणखी काही

दर मेसेजनंतर 'वेटफॉरकन्फर्म्स' लिहिलंत तर ते असिंक्रोनस राहत नाही.

कन्फर्मचा कन्झ्युमरच्या ॲकशी काहीही संबंध नाही. मेसेज कोणी वाचला का, हे त्यातून कळत नाही.

ड्युरेबल क्यू (ब्रोकर पुन्हा सुरू झाला तरी टिकणारी) आहे पण डिलिव्हरी मोड २ (मेसेज डिस्कवर ठेवायची खूण) नाही, तर क्लासिक क्यूच्या ॲकवरून मेसेज डिस्कवर गेला असं समजू नका. क्वोरम क्यूत (अनेक नोड्सवर प्रती ठेवणाऱ्या क्यूत) बहुमताच्या नोड्सनी स्वीकारल्यावरच ॲक येतो.

ॲक पाठवलेल्याच क्रमाने येतील असं धरून कोड लिहू नका.

प्रोग्राम बंद करताना आधी नवे मेसेज घेणं थांबवा, मॅप रिकामा होईपर्यंत ठरावीक वेळ, समजा १० सेकंद, वाट बघा, उरलेले मेसेज फाइलमध्ये किंवा टेबलात लिहा आणि मगच चॅनल बंद करा.