जर्मनीत संशोधक नेमताय? निवास परवान्याच्या या चुका टाळा

पुण्याच्या उमेदवाराची जर्मन प्रयोगशाळेत निवड होते, प्राध्यापक ऑफर लेटर पाठवतात आणि ‘व्हिसाचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळे होतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. संशोधकाचा परवाना जर्मन निवास कायद्याच्या कलम १८ डी खाली मिळतो आणि त्यातला कळीचा कागद नेमणूक करणाऱ्या संस्थेनेच द्यायचा असतो.

तो कागद म्हणजे होस्टिंग ॲग्रीमेंट किंवा त्याच तोडीचा करार. प्रकल्पाचं नाव वा उद्देश, सुरुवात आणि शेवट, कामाचं स्वरूप, पगार, परवाना न मिळाल्यास करार रद्द होईल ही अट, हे सगळं त्यात हवं. दुसऱ्या युरोपीय देशात काही महिने काम करायचं आधीच ठरलं असेल, तर तेही लिहा. ऑफर लेटरवरची तारीख आणि करारातली तारीख जुळत नसेल, तर अर्ज तिथेच अडतो. पीएचडी हवीच असंही नाही. डॉक्टरेटला प्रवेश मिळवून देणारी पदवी पुरते, त्यामुळे चांगला एमएस्सी उमेदवार केवळ याच कारणाने नाकारू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. अमेरिकी, जपानी किंवा ब्रिटिश संशोधक व्हिसाशिवाय जर्मनीत उतरून तिथे परवाना मागू शकतो. विभागाचा आधीचा पोस्टडॉक अमेरिकेचा असला, की भारतीयालाही तसंच ‘या, इथे बघू’ सांगितलं जातं. भारतीयाला निघण्याआधी राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा लागतो, महाराष्ट्रातल्यांसाठी तो मुंबईच्या जर्मन वकिलातीमार्फत. अल्प मुक्कामाच्या शेंगेन व्हिसावर गेल्यास सहसा परत येऊन पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. रुजू होण्याची तारीख ठरवताना हा वेळ धरायलाच हवा.

पगाराऐवजी शिष्यवृत्ती असेल, तर आरोग्य विम्याचा प्रश्न आधी सोडवा. पगारी नोकराला मिळतं तसं सरकारी विम्याचं कवच शिष्यवृत्तीधारकाला आपोआप मिळत नाही, आणि प्रवास विमा दीर्घ मुक्कामाला चालत नाही.

जोडीदाराबद्दल मात्र उगाच घाबरवलं जातं. संशोधकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही.

पोहोचल्यावर घर मिळालं, की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी. व्हिसाची मुदत संपण्याआधी परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे, अपॉइंटमेंट नंतरची असली तरी. वेळेत अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो. उशीर झाला, की त्याची खात्री नाही. संस्थेनेही परवान्याची प्रत नोकरी संपेपर्यंत जपून ठेवायची असते.

याच परवान्यावर युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात ३६० पैकी १८० दिवसांपर्यंत संशोधन करता येतं, पण त्या देशाच्या नियमाप्रमाणे आधी कळवावं लागू शकतं. डेन्मार्क आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत. स्वित्झर्लंड तर संघातच नाही, हे झुरिकच्या सहकाऱ्याबरोबर बेत आखताना हमखास विसरलं जातं.

नोकरी मुदतीआधी संपली, तर संस्थेने चार आठवड्यांत आणि संशोधकाने दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचं असतं. संशोधन पूर्ण करून थांबायचं असेल, तर नोकरी शोधायला नऊ महिन्यांपर्यंतचा वेगळा परवाना आहे. त्याचा अर्ज जुना परवाना चालू असतानाच करा.