जर्मन विशेषणांच्या शेपट्या कशा लावाव्यात

दिवसा 'गूटेन टाग', पण रात्री 'गूटे नाख्ट'. असं का? टाग पुल्लिंगी, नाख्ट स्त्रीलिंगी, आणि दोन्ही शुभेच्छा द्वितीयेत, म्हणजे अक्कुझाटिवमध्ये: 'तुम्हाला चांगला दिवस चिंततो' यातला 'तुम्हाला' आणि 'चिंततो' गळून गेलाय, इतकंच. पहिल्याच तासाला आपण विशेषण चालवलेलं असतं.

या शेपट्यांचे, म्हणजे प्रत्ययांचे, तीन तक्ते घोकत बसू नका. मी बसलो होतो. परीक्षेत लिहिता आलं, बेकरीत तोंड उघडेना.

आधी विशेषण कुठे आहे ते बघा. नामाच्या आधी नसेल तर प्रत्ययच नाही. 'घर मोठं आहे', 'खोली मोठी आहे' या सवयीमुळे मराठी माणूस इथे हमखास फसतो. जर्मनमध्ये दोन्हीकडे नुसतं 'ग्रोस'.

मग नामाचं लिंग आणि विभक्ती ठरवा. लिंग पाठच करावं लागतं, सुटका नाही.

आता कळीचा प्रश्न: आर्टिकलने, म्हणजे नामाआधी येणाऱ्या 'डेर' किंवा 'आइन'सारख्या छोट्या शब्दाने, ही माहिती आधीच दिली आहे का? डेर, डी, डास असतील तर दिली आहे. मग विशेषणाला -ए किंवा -एन पुरतं. -ए फक्त पाच जागी: एकवचनी प्रथमेत तिन्ही लिंगं, द्वितीयेत स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. उरलेल्या 11 जागी, अनेकवचनासकट, -एन. आपलं 'काळा घोडा, काळ्या घोड्याला' आठवा. तसंच सामान्यरूप समजा.

'आइन' (म्हणजे 'एक') मात्र तीन ठिकाणी गप्प बसतो: पुल्लिंगी प्रथमेत आणि नपुंसकलिंगी प्रथमा-द्वितीयेत. तिथे विशेषणाला बोलावं लागतं: 'आइन श्वार्त्सेर काफे' (एक काळी कॉफी; जर्मनमध्ये काफे पुल्लिंगी), 'आइन ग्रोसेस हाउस' (एक मोठं घर). कॉफी मागवताना ती द्वितीयेत जाते, 'आइनेन' सगळं सांगून टाकतो, म्हणून 'आइनेन श्वार्त्सेन काफे'.

आर्टिकलच नसेल तर त्याची शेपटी विशेषणाला लागते. 'मिट डेम काल्टेन वासर' (त्या थंड पाण्यासह; 'डेम' हे 'डास'चं चतुर्थीतलं रूप) आणि 'मिट काल्टेम वासर' (थंड पाण्यासह) शेजारी ठेवा. 'डेम' गेला, त्याचा 'म' 'काल्ट'ला चिकटला. अपवाद एकच, पुल्लिंगी-नपुंसकलिंगी षष्ठी: तिथे सहसा नामालाच 'स' लागलेला असतो, म्हणून विशेषणाला -एन.

सराव 'मिट' घेऊन करा, त्याच्यापुढे कायम डाटिवच, म्हणजे चतुर्थीच, येतो. जर्मन पत्राखालचं 'मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन' (स्नेहपूर्ण शुभेच्छांसह) सोडवून बघा: आर्टिकल नाही, अनेकवचन, डाटिव. तो -एन 'डेन'कडून, म्हणजे अनेकवचनी 'डी'च्या डाटिव रूपाकडून, आलाय.