लांब पाथच्या फायली झिप-टार करताना या चुका टाळा

झिप उघडली नाही की लोक लगेच म्हणतात, 'फाइल करप्ट झाली.' बहुतेक वेळा झिप ठणठणीत असते. तिच्यात एका नावाला ६५,५३५ बाइटपर्यंत जागा असते. गाडी अडते ती पाथवर, म्हणजे ड्राइव्ह, फोल्डर आणि फाइल यांच्या नावांच्या सलग साखळीवर. तिला विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे, आणि ती मोजणी ड्राइव्हच्या नावापासून सुरू होते. त्यात आपण झिप डेस्कटॉपवरच उघडतो, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' झिपच्या नावाचा आणखी एक फोल्डर करतं, म्हणजे पाथ अजून लांबला. मी सी ड्राइव्हवर थेट 'क' नावाचा फोल्डर ठेवलाय. सगळं तिथेच सेव्हन-झिप या प्रोग्रामने उघडतो.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, लाँग पाथ चालू केलं की काम झालं, असं समजू नका. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती सोय आहे, पण प्रोग्रामलाही लांब पाथ चालायला हवेत. आणि तुम्ही ज्याला झिप पाठवणार, त्याच्या मशीनवर तुमची सेटिंग जात नाही.

आता माझा खरा राग. मराठी नावं डोळ्याने मोजू नका! 'मुखपृष्ठ' दिसायला ४ अक्षरं. काना-मात्रा-हलन्त धरून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, त्याचे २४ बाइट होतात. टार म्हणजे झिपसारखंच फायलींचं गाठोडं बांधणारं साधन. त्याच्या जुन्या यूस्टार फॉरमॅटमध्ये फाइलच्या नावाला १०० बाइट आणि आधीच्या फोल्डरांना १५५. चारपाच मराठी शब्दांत ते १०० संपतात.

आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशकाकडे हेच झालं. रोज रात्री यूस्टारमध्ये बॅकअप घेणारी जुनी स्क्रिप्ट होती. फायलींची नावं 'मुखपृष्ठ अंतिम दुरुस्त नवीन मोठा आकार छपाईसाठी' अशा थाटाची. टारने प्रत्येक वेळी लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: नाव फार लांब, फाइल घेतली नाही. लॉग कुणी उघडलाच नाही. टार फाइल तयार दिसली, म्हणून डिस्क मोकळी करण्यासाठी मूळ फोल्डर उडवला. पुनर्मुद्रणाच्या वेळी आतला मजकूर सगळा मिळाला, मुखपृष्ठं मात्र गायब. शेवटी चित्रकाराच्या लॅपटॉपवरच्या कच्च्या प्रतींवरून ती पुन्हा उभी करावी लागली. घाई करणाऱ्यांनी यातली मेहनत एकदा डोळ्यांनी पाहावी.

टार करताना फॉरमॅट पॉझिक्स द्या. २००१ च्या पॉझिक्स मानकातल्या या पॅक्स पद्धतीत ती १०० बाइटची अडचण नाही. मूळ फोल्डर उडवण्याआधी मी तयार टार फाइलमधली यादी काढून फायलींची संख्या जुळवतो. वेळ लागतो, लागू दे.

आणि लिनक्सवर उघडणार असाल तर फोल्डर लहान करून भागत नाही. तिथे एकट्या नावाला २५५ बाइट, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ मराठी चिन्हं. विंडोजवर सुखाने बसलेलं ९० चिन्हांचं नाव तिथे उघडणारच नाही. झिप करण्याआधीच ते छोटं करा.